तूप सोडलं, पण त्याजागी खाल्लं काय?

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट घरी आला की त्याच रात्री स्वयंपाकघरात एक यादी तयार होते. अंड्यातलं पिवळं बंद, वरणावरचं तूप बंद, ओलं खोबरं बंद, दाण्याचं कूट बंद. ही यादी डॉक्टरांनीच दिलेली असते असं नाही. शेजारून, ऑफिसातून, मोबाइलवरच्या निरोपांतून ती जमत जाते. बंद केलेल्या पदार्थांची जागा मात्र रिकामी राहत नाही. सकाळच्या अंड्याऐवजी चहात बुडवलेली चार मारी बिस्किटं येतात, संध्याकाळच्या मूठभर दाण्यांऐवजी टोस्ट किंवा खारी येते, आणि तुपाशिवाय कोरडा लागणारा भात आमटी घालून एक वाढ जास्तच खाल्ला जातो. काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावं, तर एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जिथल्या तिथे आणि ट्रायग्लिसराइड्स वाढलेले, असं अनेकांच्या बाबतीत घडतं. पथ्य मनापासून केलेलं असतं, म्हणून निराशाही मोठी असते.

आहार आणि कोलेस्टेरॉल यांवर शंभर वर्षांहून जास्त काळ संशोधन चाललं आहे. त्यातले निष्कर्ष वरवर एकमेकांना छेद देतात: कधी लोणी वाईट ठरतं, कधी निर्दोष सुटतं, अंडं कधी आरोपीच्या पिंजऱ्यात, कधी बाहेर. या गोंधळात एक प्रश्न हाताशी ठेवला तर बरंचसं सुटं होतं. हा पदार्थ कशाच्या बदल्यात खाल्ला, किंवा कशासाठी सोडला? बहुतेक वाद हा प्रश्न न विचारल्यामुळेच पेटले आहेत.

सुरुवात सशांपासून झाली. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कॉव्ह या तरुण शास्त्रज्ञाने सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातलं. काही आठवड्यांत त्यांच्या धमन्यांच्या आतल्या बाजूला चरबीचे थर दिसू लागले, माणसाच्या हृदयविकारात दिसतात तसे. प्रयोग मूलभूत होता, पण त्यातून लोकांनी काढलेला अर्थ फार सरळसोट होता: खाल्लेलं कोलेस्टेरॉल थेट धमनीत जाऊन बसतं. ससा शाकाहारी प्राणी. त्याच्या नेहमीच्या खाण्यात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, त्यामुळे ते आल्यावर त्याचं शरीर गडबडून जातं आणि रक्तातली पातळी कित्येक पटींनी चढते. हाच प्रयोग उंदरांवर आणि कुत्र्यांवर केला, तेव्हा तसा परिणाम सहजासहजी मिळाला नाही.

माणसाचं शरीर रोज साधारण आठशे ते हजार मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतं. पेशींची आवरणं, पित्तरस, अनेक हॉर्मोन्स, ड जीवनसत्त्व हे सगळं त्यातूनच घडतं. एका मोठ्या अंड्याच्या बलकात सुमारे १८० ते १९० मिलिग्रॅम असतं. बाहेरून जास्त आलं की बहुतेकांचं यकृत आपलं उत्पादन कमी करून हिशेब जुळवतं. काहींचं यकृत हे नीट करत नाही आणि अंड्याबरोबर त्यांची पातळी चढते, पण अशी माणसं कमी. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनी दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा २०१५ साली काढून टाकली, ती याच पुराव्यामुळे. निरोगी माणसाला रोज एक अंडं चालतं. मधुमेह असलेल्यांनी आणि ज्यांचं एलडीएल मुळातच खूप वाढलेलं आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून प्रमाण ठरवावं. भारतात अनेक घरांत अंडं हा सगळ्यात स्वस्त आणि चांगला प्रथिनांचा स्रोत आहे. तो बिस्किटासाठी सोडणं हा घाट्याचा व्यवहार आहे.

याच कारणाने तेलाच्या पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं. कुठल्याही वनस्पतीच्या तेलात ते नगण्यच असतं, मग ते शेंगदाण्याचं असो, पामचं असो की खोबऱ्याचं. पिशवी विकत घेताना पाहायचं ते वेगळंच काही.

ते काय, हे कळण्यासाठी यकृतात डोकवावं लागतं. टेक्सासमधल्या डॅलस इथे काम करणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. रक्तातलं एलडीएल उचलून आत घेणारे ग्राहक रेणू पेशींच्या पृष्ठभागावर असतात, हा त्यांचा शोध. यकृताच्या पेशींवर हे रेणू भरपूर असतील तर रक्त साफ राहतं. कमी झाले तर एलडीएल रक्तातच फिरत राहतं आणि धमनीच्या भिंतीत शिरायला त्याला जास्त वेळ मिळतो. लोणी, तूप, पाम तेल, खोबरेल, मांसाची चरबी यांतली संपृक्त मेदाम्लं या ग्राहकांचं काम मंदावतात. शेंगदाणा, मोहरी, करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांतली असंपृक्त मेदाम्लं, विशेषतः त्यांतली बहु-असंपृक्त, ते पुन्हा वाढवतात. म्हणजे रक्तातल्या एलडीएलवर खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा खाल्लेल्या चरबीच्या जातीचा प्रभाव जास्त.

एलडीएल हाच मुळात दोषी आहे का, अशी शंका घेणाऱ्यांचा एक मोठा वर्ग समाजमाध्यमांवर आहे. त्यांच्यासाठी २००६ सालचा एक अभ्यास पुरेसा बोलका आहे. डॅलसमधल्याच जोनाथन कोहेन आणि हेलन हॉब्स यांच्या गटाला काही कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये पीसीएसके-९ नावाच्या जनुकात जन्मजात बदल सापडला. या लोकांचं एलडीएल आयुष्यभर इतरांपेक्षा सुमारे २८ टक्के कमी राहिलेलं होतं. त्यांच्यात हृदयधमन्यांच्या विकाराचं प्रमाण ८८ टक्के कमी निघालं. कुठलंही औषध नाही, कुठलंही पथ्य नाही. फक्त जन्मापासूनची कमी पातळी.

आता चरबी आणि हृदयविकार यांच्या नात्याकडे. अमेरिकेतले अ‍ॅन्सेल कीज यांनी १९५८ साली सात देशांचा अभ्यास सुरू केला: अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान. सुमारे पावणेतेरा हजार मध्यमवयीन पुरुष, वर्षानुवर्षं पाठपुरावा. पूर्व फिनलंडमधले शेतकरी आणि लाकूडतोडे हृदयविकाराने सगळ्यात जास्त दगावत होते, आणि क्रीट बेटावरचे लोक जवळजवळ नाहीत. गंमत अशी की क्रीटच्या लोकांच्या जेवणात चरबी काही कमी नव्हती, पण ती ऑलिव्ह तेलाची होती. फिनलंडची चरबी लोण्याची आणि सायीच्या दुधाची. कीज यांच्या देशनिवडीवर पुढे टीका झाली आणि ती काही अंशी रास्त आहे. देशादेशांत साखर, धूम्रपान, श्रम, श्रीमंती असे कितीतरी फरक असतात. पण त्या अभ्यासाने फिनलंडला आरसा दाखवला, हे खरं.

फिनलंडने पुढे जे केलं ते भारतीय वाचकाने बारकाईने पाहण्यासारखं आहे. रशियाच्या सीमेजवळचा उत्तर कारेलिया हा गरीब, जंगलांचा, दूधदुभत्याचा प्रांत. ऐन चाळिशीतले कर्ते पुरुष पटापट जात होते. १९७१ साली तिथल्या लोकप्रतिनिधींनी सरकारकडे अर्ज केला की यावर काही तरी करा. १९७२ साली प्रकल्प सुरू झाला आणि पेक्का पुस्का नावाच्या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरकडे त्याची सूत्रं आली. त्या वेळी तिथले बहुसंख्य पुरुष पावाला लोणीच लावत, स्वयंपाकही लोण्यात होई, भाजीला ‘जनावरांचं खाणं’ म्हणत. पुस्कांच्या गटाने दवाखान्यात बसून पत्रकं वाटली नाहीत. गावोगावच्या गृहिणींच्या मंडळांना हाताशी धरून पारंपरिक कालवणं कमी चरबीची आणि जास्त भाज्यांची करून दाखवली, एकत्र जेवणावळी घातल्या. कोलेस्टेरॉल कोणतं गाव जास्त उतरवतं याच्या गावागावांत स्पर्धा लावल्या. सॉसेज बनवणाऱ्यांना चरबी कमी करायला राजी केलं. दुग्धव्यवसाय बुडेल म्हणून शेतकरी चिडले, तेव्हा त्यांना बोरवर्गीय फळांच्या लागवडीकडे वळवण्याचा वेगळा उपक्रम निघाला. फिनलंडच्या थंडीत वाढणारी रेपसीड, म्हणजे आपल्या मोहरीचीच बहीण, तिचं तेल हळूहळू स्वयंपाकघरात आलं.

पुढच्या चाळीसेक वर्षांत उत्तर कारेलियातल्या कमावत्या वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. धूम्रपान कमी झालं, रक्तदाबावर उपचार झाले, नंतर औषधंही आली. हे सगळं त्या यशात आहेच. पण पहिल्या काही दशकांतल्या घसरणीत कोलेस्टेरॉल उतरण्याचा वाटा सगळ्यात मोठा होता, असं संशोधकांचं विश्लेषण सांगतं. इथे लोणी सोडलं गेलं, आणि त्याजागी तेल, भाज्या व फळं आली. बदल्यात काय आलं, हे या यशाचं मर्म आहे.

अमेरिकेत त्याच सुमाराला उलटं झालं. ‘फॅट कमी करा’ हा संदेश गेला आणि बाजाराने तो लगेच विकायला काढला. चरबी काढून साखर आणि मैदा भरलेली बिस्किटं, दही, सॅलडवरची मिश्रणं ‘लो फॅट’ म्हणून दुकानांत आली. लोकांनी सायीऐवजी पिष्ट आणि साखर खाल्ली. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ साली सव्वा लाखाहून जास्त परिचारिका आणि वैद्यकीय व्यावसायिकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. संपृक्त चरबीतून येणाऱ्या उष्मांकांपैकी दिवसाच्या पाच टक्के उष्मांक बहु-असंपृक्त तेलांतून घेणाऱ्यांमध्ये हृदयधमन्यांच्या विकाराचा धोका सुमारे २५ टक्के कमी दिसला. तेवढेच उष्मांक अख्ख्या धान्यांतून घेतले तर फायदा बराच कमी, पण होता. मैदा आणि साखरेतून घेतले तर फायदा शून्य.

२०१० आणि २०१४ साली काही विश्लेषणांनी ‘संपृक्त चरबी आणि हृदयविकार यांचा संबंध दिसत नाही’ असं म्हटलं आणि ‘टाइम’ने २०१४ साली मुखपृष्ठावर लोण्याची वळी छापून लोणी खा असं सांगितलं. त्या विश्लेषणांत नेमका हाच प्रश्न बाजूला पडला होता. जास्त लोणी खाणाऱ्यांची तुलना कमी लोणी खाणाऱ्यांशी झाली, पण कमी लोणी खाणारे बाकी काय खात होते, ते पाहिलंच गेलं नाही.

विरोधी पुराव्याकडे डोळेझाक करूनही चालणार नाही. १९६८ ते १९७३ या काळात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मनोरुग्णालयांतल्या आणि एका शुश्रूषागृहातल्या नऊ हजारांहून जास्त लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. एका गटाला मक्याच्या तेलाचा आहार, दुसऱ्याला नेहमीचा. मक्याच्या तेलाने कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. या प्रयोगाची बरीचशी आकडेवारी प्रसिद्धच झाली नव्हती. मूळ संशोधकांपैकी एकाच्या मुलाला ती वडिलांच्या घराच्या तळघरात खोक्यांमध्ये सापडली आणि २०१६ साली नवं विश्लेषण बाहेर आलं. प्रयोगात त्रुटी होत्या. बरेच रुग्ण काही महिन्यांतच रुग्णालयातून घरी गेले, त्यामुळे आहार फार थोड्यांनी दीर्घकाळ घेतला. तरीही एक धडा त्यात आहे: नुसत्या एका तेलाचा मारा करून काम भागत नाही. कॉक्रेन या संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्यात पंधरा नियंत्रित प्रयोग आणि पन्नास हजारांहून जास्त माणसं होती. संपृक्त चरबी निदान दोन वर्षं कमी ठेवणाऱ्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या घटना सुमारे १७ टक्के कमी आढळल्या. एकूण मृत्यूंवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही. हा फायदा खरा आहे, आणि मर्यादितही आहे. दोन्ही गोष्टी एकत्र सांगायला हव्यात.

भारतात तुपाची बाजू घेणारे एका जुन्या अभ्यासाचा दाखला नेहमी देतात. डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून १९६७ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहिला. दक्षिणेतल्या कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकार पंजाबातल्या कर्मचाऱ्यांच्या सातपट होता. पंजाबी मात्र कितीतरी पट जास्त चरबी खात, आणि तीही दुधातुपाची. निरीक्षण चकित करणारं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. पण मृत्यूच्या नोंदींवरून दोन प्रांतांची तुलना करताना भात आणि गहू, ताक आणि चिंच, कामाचं स्वरूप असे सगळे फरक एकत्र येतात. त्यातून एकट्या तुपाला श्रेय देणं म्हणजे कीज यांच्या अभ्यासावर जो आक्षेप घेतला जातो, तोच दोष पुन्हा करणं.

मग तुपाचं काय करायचं? तुपात साधारण साठ टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी असते. पाच ग्रॅमच्या चमच्यात सुमारे तीन ग्रॅम. दोन हजार उष्मांकांच्या आहारात जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे दिवसाला २२ ग्रॅमपर्यंत संपृक्त चरबी बसते. वरणभातावर एक चमचा, पोळीला अर्धा चमचा, एवढ्यात निरोगी माणसाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते शिऱ्यात, बेसनाच्या लाडवात, मोदकावरच्या धारेत आणि हॉटेलातल्या दाल मखनीत एकाच आठवड्यात सगळं आलं की. तूप औषध आहे म्हणून सकाळी अनशापोटी दोन चमचे पिण्याची जी टूम निघाली आहे, तिला पुराव्याचा आधार नाही, आणि ज्यांचं एलडीएल वाढलेलं आहे त्यांनी तिच्यापासून लांबच राहावं.

खोबरेलाचीही कहाणी अशीच. त्यातली संपृक्त चरबी तुपापेक्षा जास्त, ८० टक्क्यांच्या वर. २०२० साली सोळा प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात, इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सुमारे दहा मिलिग्रॅमने वाढवलं. एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, तेही चारेक मिलिग्रॅम वाढलं. कोचीतल्या एका प्रयोगात, औषधं चालू असलेल्या दोनशे हृदयरुग्णांना दोन वर्षं खोबरेल किंवा सूर्यफूल तेल दिलं, तेव्हा दोन गटांत फरक दिसला नाही. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन चालू असताना तेलाचा परिणाम झाकला जाणं शक्य आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जेवणात मासळी, कुळीथ, ताज्या खोबऱ्याचं वाटण, सोलकढी असं सगळं एकत्र येतं. ओल्या खोबऱ्यात चोथा आणि पाणीही असतं. माशाच्या आमटीतलं वाटण आणि कढईतलं तळणीचं खोबरेल यांना एकाच मापाने मोजू नये. मासे तळण्यापेक्षा आमटीत टाकले, की बांगडा आणि तारलीतलं ओमेगा-३ तेलकट रव्याखाली झाकलं जात नाही.

महाराष्ट्राच्या देशावरची जुनी तेलं शेंगदाण्याची आणि करडईची. मराठवाडा आणि सोलापूर भागात करडई घाण्यावर गाळून वर्षाची बेगमी केली जाई. करडईचं तेल बहु-असंपृक्त चरबीने भरलेलं असतं, शेंगदाण्यात एकेरी असंपृक्त चरबी जास्त, आणि विदर्भातल्या जवसात वनस्पतीजन्य ओमेगा-३ भरपूर. उत्तरेकडे मोहरी. दिल्ली आणि बंगळुरू इथल्या रुग्णालयांत झालेल्या एका अभ्यासात, २००४ साली, मोहरीचं तेल वापरणाऱ्या आणि हिरव्या भाज्या भरपूर खाणाऱ्या लोकांत हृदयविकार लक्षणीय कमी आढळला. सगळ्या गुणांचं एकच तेल अस्तित्वात नाही. दोन-तीन तेलं आलटून पालटून वापरावीत हा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला त्यामुळेच शहाणपणाचा आहे. जवसाची चटणी करताना ते भाजून कुटलेलं असावं. अख्खं जवस पचनातून तसंच बाहेर पडतं.

या जुन्या तेलातुपाच्या जागी देशात काय आलं, याचा इतिहास क्लेशदायक आहे. हायड्रोजनची प्रक्रिया करून द्रव तेल घट्ट करण्याचं तंत्र जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालं. १९३०च्या दशकात मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला आणि १९३७ साली ‘डालडा’ बाजारात आलं. पिवळ्या डब्यावरचं ते नारळाच्या झाडाचं चित्र दोन पिढ्यांना पाठ आहे. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांतला दिवाळीचा फराळ, बेकरीतली खारी, लग्नातली जिलबी त्यावरच झाली. या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतं. ते एलडीएल वाढवतं आणि एचडीएल घटवतं, हे नेदरलँड्समधल्या रोनाल्ड मेन्सिंक आणि मार्टेन काटान यांनी १९९० साली दाखवून दिलं. डेन्मार्कने २००३ साली २ टक्क्यांची मर्यादा घातली. भारताने टप्प्याटप्प्याने जात जानेवारी २०२२पासून तेल आणि वनस्पती तुपात ती २ टक्क्यांवर आणली. उशीर झाला, पण झालं ते चांगलं झालं. त्या जागी मात्र बऱ्याच ठिकाणी पाम तेल आलं. ते ट्रान्स नाही, पण जवळपास निम्मं संपृक्त आहे, आणि बिस्किट, फरसाण, इन्स्टंट नूडल्स यांतून न दिसता पोटात जातं. पाकिटाच्या मागे ‘पामोलिन’ शोधण्याची सवय अंडं सोडण्यापेक्षा कितीतरी जास्त कामाची आहे.

तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवलं की ते काळवंडतं, फेसाळतं आणि त्यात हानिकारक ध्रुवीय संयुगं साठतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे आणि २०१८पासून वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजना आहे. वडापावच्या गाडीवर मात्र कढई रिकामी होते तेव्हाच तेल बदलतं.

तेल कोणतं, या चर्चेत तेल किती हे विसरलं जातं. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या सूचनांत दोन हजार उष्मांकांच्या ताटासाठी तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरले आहेत. नीती आयोगाच्या त्याच वर्षीच्या अहवालात भारतात माणशी वर्षाला १९.७ किलो खाद्यतेल लागतं, असं नोंदलं आहे. म्हणजे दिवसाला ५४ ग्रॅम, बरोबर दुप्पट. घरातला हिशेब सोपा आहे. चौघांच्या घरात २७ ग्रॅमप्रमाणे दिवसाला १०८ ग्रॅम. पंधरा किलोचा डबा आणला, तर तो साडेचार महिने पुरायला हवा, आणि तेही तूप-लोणी वेगळं न खाता. डबा फोडला त्या दिवशी त्यावर तारीख लिहून ठेवली, तर कोणत्याही आहारतज्ज्ञापेक्षा स्पष्ट उत्तर मिळतं. फोडणी भांड्यातून ओतण्याऐवजी चमच्याने मोजून केली, मिसळीचा कट वरून न घेता रस्सा खालून घेतला, तर चवीला फारसा धक्का लागत नाही.

भारतीय रिपोर्टाचं एक वैशिष्ट्य पाश्चात्त्य सल्ल्यात बसत नाही. आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथली माणसं तपासली गेली. २०१४ साली आलेल्या निष्कर्षांत एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक सुमारे १४ टक्के होते. ट्रायग्लिसराइड्स वाढलेले जवळपास ३० टक्के. आणि एचडीएल कमी असलेले तब्बल ७२ टक्के. ट्रायग्लिसराइड्स चढणं आणि एचडीएल उतरणं यामागे तेलापेक्षा भात, मैदा, साखर, बैठं काम आणि पोटाचा घेर यांचा हात मोठा. याच मालिकेतल्या २०२५च्या पाहणीत भारतीयांचे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, असं दिसलं, आणि प्रथिनं फक्त १२ टक्के. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर रताळ्याच्या गोड चकत्या खाल्ल्या, तर त्या दिवशी पोटात जवळजवळ पिष्टच जातं. त्यातला सगळ्यात चांगला भाग म्हणजे दाण्याचं कूट, आणि कोलेस्टेरॉलच्या भीतीने नेमकं तेच कमी केलं जातं. राजगिरा, ताक, दाण्याची आमटी यांनी तोच उपवास कितीतरी बरा होतो. एचडीएल ‘वाढवणाऱ्या’ पदार्थांच्या मागे लागण्यात मात्र अर्थ नाही. एचडीएल वाढवणारी औषधं मोठ्या प्रयोगांत हृदयविकार टाळण्यात अपयशी ठरली आहेत.

सोडायचं काय यापेक्षा घालायचं काय, यात जास्त आशा आहे. टोरांटोतले डेव्हिड जेंकिन्स यांनी २००३ साली एक प्रयोग केला. ओट्स, बार्ली, इसबगोल, सोयाबीन, बदाम, वनस्पती स्टेरॉल, आणि विद्राव्य चोथ्यासाठी भेंडी आणि वांगी! महिनाभर हे सगळं एकत्र खाल्लेल्यांचं एलडीएल सुमारे २९ टक्के उतरलं. लोव्हास्टॅटिन गोळी घेणाऱ्यांचं ३१ टक्के. स्वयंपाक तयार करून दिलेला होता, म्हणून आकडा एवढा मोठा. २०११ साली लोकांना सल्ला देऊन त्यांच्या घरच्या स्वयंपाकावर सोडलं, तेव्हा सहा महिन्यांत १३-१४ टक्के घट राहिली. तीही थोडी नव्हे. विद्राव्य चोथा आतड्यात चिकट होतो, पित्ताम्लांना बांधून बाहेर नेतो, आणि नवं पित्त करायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं. मराठी घरात ही सामग्री सगळी आहे: मटकी, चवळी, वाल, कुळीथ, हरभरे, भेंडी, वांगं, झोपताना इसबगोल. भरल्या वांग्यात तेल मोजून घातलं की कारळं, तीळ आणि दाण्याचं कूट यांच्यासह ते चांगलंच अन्न आहे. दाणे आणि सुका मेवा मूठभर खावा. २०१० सालच्या पंचवीस प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात दिवसाला सुमारे ६७ ग्रॅम सुक्या मेव्याने एलडीएल सात टक्क्यांनी घटलं. खारे, तळलेले दाणे मात्र त्यात धरू नयेत.

आहाराची एक हद्द आहे, आणि ती माहीत नसल्याने जीव जातात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाने, भेंडी आणि जवस खातो म्हणून स्टॅटिन बंद करणं धोक्याचं आहे. ज्यांचं एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आहे, त्यांच्यात घराण्यातून आलेला विकार असू शकतो. साधारण अडीचशे माणसांत एकाला तो असतो. टाचेच्या मागच्या शिरेवर गाठी, पापण्यांजवळ पिवळट डाग, आणि घरात कोणाला चाळिशी-पन्नाशीतच झटका आल्याचा इतिहास, ही त्याची खूण. अशा माणसाने कितीही कडक पथ्य केलं तरी ते पुरत नाही, आणि तो दोष त्याचा नसतो. लायपोप्रोटीन-ए हा आणखी एक जन्मजात घटक. आहाराने तो हलत नाही, आणि भारतीयांत वाढलेला बऱ्याचदा सापडतो. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली पहिल्यांदा कोलेस्टेरॉलविषयीच्या स्वतःच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षी करावी, घरात लवकर आलेल्या हृदयविकाराचा किंवा अशा जन्मजात विकाराचा इतिहास असेल तर त्याहूनही आधी करावी, आणि लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा तरी तपासावं, असं सांगितलं आहे. तपासणीसाठी बहुतेकांना उपाशी राहण्याची गरजही आता उरलेली नाही. ज्या घरात तरुण वयात कोणी गेलं आहे, तिथल्या भावंडांनी आणि मुलांनी ताटातलं काही बदलण्याआधी ही तपासणी करून घ्यावी.